देव्हाऱ्यातल्या गोळ्या

"पुन्हा म्हण. माझ्या डोळ्यात बघून म्हण!" बनुबाईने रतनबाईचा पदरच धरला.

कीर्तन नुकतंच संपलं होतं. मारुतीच्या देवळापुढं बुक्क्याचा वास अजून रेंगाळत होता, मृदंगावर कापड पडलं होतं. प्रसादासाठी बायांची रांग लागली होती. चांगुणा पुढं सरकली तशी मागून रतनबाई बोलली होती, "लेकुरवाळ्या जाऊ द्या की आधी. वांझेचा हात पैला नगं."

आता तिची बोबडी वळली. "मी आपलं... समदेच म्हणत्यात."

"समदे म्हणंनात! बुवा इतका वेळ घसा फोडून काय सांगत हुते? दुसऱ्याच्या लेकीला टोचणाऱ्याकडं देव पाठ फिरवतो म्हणले. तवा लई माना डोलवत हुतीस! माझ्या सुनेला वांझ म्हणणारीचं थोबाड फोडीन मी."

"जाऊ द्या आत्याबाई," चांगुणा पुटपुटली.

"का म्हून जाऊ देऊ?" बनुबाईने सुनेचा हात धरला आणि तिला सगळ्यांच्या पुढं नेऊन उभं केलं. बुवांनी चांगुणाच्या ओंजळीत लाह्यांचा प्रसाद घातला. बनुबाईने पदराने डोळे पुसले. कीर्तनात ती नेहमीच रडायची. बुवा 'देव्हाऱ्यातला देव सगळं बघतो' म्हणाले, तेव्हा तर ढसाढसा रडली होती.

खर्डा गावाच्या आसपास अशी सासू नव्हती. खरं तर तिच्या मनात भावाची, पुंजारामची लेक बायडा सून म्हणून होती. पण नवऱ्याने, सूर्यभानने, मरताना चांगुणाच्या बापाला शब्द दिला होता. बनुबाईने तो पाळला.

चांगुणा आली ती तोंडभर पुटकुळ्या घेऊन. हनुवटीवर, गालांवर लालभडक फोड उठायचे, पिकायचे, डाग ठेवून जायचे. हळद झाली, कडुलिंब झाला. शेवटी बनुबाईच तिला एसटीत घालून नगरला डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पाळीचं विचारलं.

"दोन-दोन म्हैने पत्ता नसतो," बनुबाईनेच उत्तर दिलं.

"मग मूळ तिथंच आहे," बाई म्हणाल्या.

चांगुणा बाहेर बाकड्यावर बसली. बनुबाई आत बराच वेळ बोलत होती.

"काय म्हणल्या?" चांगुणाने विचारलं.

"पथ्य सांगितलं. लोनचं न्हाई, तेलकट न्हाई. आन् गोळी एक दिस बी चुकवायची न्हाई."

त्या गोळ्या बनुबाईने देव्हाऱ्यात तसबिरीमागं ठेवल्या. सांजवात लागली की चांगुणाने तळहात पुढं करायचा, सासूने त्यावर इवलीशी गोळी ठेवायची. एक पाकीट संपलं की चांगुणा बाजूला बसायची. ती न्हाऊन उठली, की काही दिवसांनी बनुबाई नवं पाकीट फोडायची. पाळीसुद्धा घड्याळासारखी झाली. चार-सहा महिन्यांत चेहरा असा निर्मळ झाला, की माहेरची माणसं बघत राहिली.

"आता बंद करू का?" चांगुणाने एकदा विचारलं होतं.

"येडी का काय! परत समदं तोंड फुटंल."

पुढं दुष्काळ पडला. गाव खडी फोडायला जाऊ लागलं. बनुबाई स्वतः हातोडा घेऊन गेली, सुनेला उन्हात पाठवलं नाही. नगरला जाऊन गोळ्या मात्र आणत राहिली.

फक्त चांगुणाची कूस उजवेना. या सप्ताहापर्यंत वाट बघायची आणि मग तिच्या नवऱ्याला, गहिनीनाथला, दुसरी बायको करायची, असं भावकीचं ठरलं होतं. सप्ताह आजच संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं ओसरीवर जमली. चांगुणा दाराआड उभी होती.

"सून काय बैल हाय, बाजारात नेऊन बदलायला?" बनुबाई कडाडली. "लाजा न्हाईत का रं तुमाला?"

चुलत दीर सहादेव म्हणाला, "वैनी, वंशाचं काय?"

"वंश! दोन सालात काय वंश बुडाला का?"

गहिनीनाथ खाली मान घालून बोलला, "आये, मला लेकरू पायजे."

मग मात्र बनुबाई मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "परकी आनली तर ती माझ्या चांगुणाला घराभाईर काढंल. आनायचीच, तर माझ्या रक्ताची आनीन. दुष्काळात पुंजारामला बायडाचं कुठं जमवता आलं न्हाई. ती हिला भनीवानी वागवंल."

चांगुणा दाराआडून बाहेर आली आणि सासूच्या पायांवर पडली. "मला हाकलू नका आत्याबाई. एवढंच मागते."

"मी हाय तवर तुला कोन हाकलतंय?" बनुबाईने तिला पोटाशी धरलं.

महिन्याभरात बायडा आली. गोरी, अंगाने भरलेली, हसरी. पण हळदीचा रंग उतरला आणि तिच्याही गालांवर पुटकुळ्या दिसू लागल्या. ती सारखी आरशात बघायची, मग चांगुणाकडे बघायची.

त्या दिवशी सांजवातीची वेळ झाली. चांगुणा गोठ्यातून हात धुऊन आली आणि सवयीने तळहात पुढं करून देवघराच्या दारात उभी राहिली. आत बायडा देव्हाऱ्यापुढं बसली होती, हातात पाकीट घेऊन.

"आत्या, ताईची एक गोळी घेतली बरं का मी," ती गोळी जिभेवर ठेवत हसली. "माझंबी तोंड ताईवानी व्हईल."

बनुबाईच्या हातातलं निरांजन खाली पडलं. तिने झडप घालून भाचीचा जबडा धरला, तिच्या तोंडात बोटं खुपसली.

"थुक! थुक आधी भवाने! ह्या खाल्ल्यावर तुला लेकरू कसं व्हईल?"