बहिय्या खालाची झडप

"स्टेथोस्कोप काय गळ्यात मिरवायला आणलायस? लाव छातीला!" खाटेवरची म्हातारी दबक्या आवाजात खेकसली.

रऊफचे हात गारठले होते. अलेक्झांड्रियातला जून, आणि हात गार! गेल्या वर्षी याच परीक्षेत तो आपटला होता. आज पुन्हा आपटला तर हृदय आणि छातीच्या सर्जरीची जागा गेलीच. मग जन्मभर गळवं फोडत बसायचं.

म्हणून तर खाटेवर बहिय्या खाला दिसली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. खाला म्हणजे मावशी; सगळ्या पोरांची ही मावशी दरवर्षी परीक्षेला रुग्ण म्हणून यायची. तिच्या हृदयातली डावीकडची झडप अरुंद आहे, हे अख्ख्या कॉलेजला पाठ होतं. पोरांना ती हळूच उत्तर सांगायची आणि प्राध्यापक कानाडोळा करायचे.

रऊफवर तर तिचा भारी जीव. तो नापास झाला तेव्हा तिने त्याला घरी नेलं, भरलेली कबुतरं खाऊ घातली आणि वर दम दिला, "रडतोस काय मेल्या? माझं हृदय ऐक. कळेपर्यंत ऐक." हिवाळाभर तो तिच्याकडे जाऊन तिच्या छातीतली, त्या अरुंद झडपेची घरघर ऐकत होता. तिच्या ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायची, "आधी तू सर्जन हो." पुढे अभ्यासाच्या नादात त्याचं जाणं राहूनच गेलं.

"लिफ्ट बंद आहे ना आज?" त्याने विचारलं. "मग इतके जिने चढलीस आणि धाप कशी नाही लागली?"

"तू परीक्षा दे. माझी चौकशी नंतर कर."

त्याने कान लावला. ठोके आले, एकामागून एक, स्वच्छ. त्याने तिला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास रोखायला सांगितला. तरी घरघर नाही.

"खाला, काहीच ऐकू येत नाहीये गं."

"अरे, झडप अरुंद आहे. डावीकडची. सांगून मोकळा हो!"

रऊफने पुन्हा एकदा ऐकून पाहिलं. आधीचे पाचही जण हेच सांगून हसत बाहेर पडले होते. पण ती घरघर त्याच्या कानात इतकी मुरली होती, की झोपेतही ओळखली असती. ती तिथे नव्हती.

प्राध्यापक शौकत आले. "हं, बोला. सुरी कुठे चालवणार?"

त्यांच्या पाठीमागे म्हातारी ओठ हलवत होती, सांग, सांग.

रऊफने स्टेथोस्कोप कानांतून काढला. "कुठेच नाही, सर. या हृदयाला काहीही झालेलं नाही."

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला.

"शुद्धीवर आहेस ना?" प्राध्यापक कडाडले. "पाच जणांना ऐकू आलं, आणि तुलाच नाही?"

"त्यांना पाठ होतं, सर." तोंडातून गेलं आणि मग त्याला वाटलं, संपलं सगळं.

प्राध्यापकांनी स्वतःच स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. मग ते ताडताड दाराकडे निघाले. "ते पाच जण गेले नसतील तर धरून आणा त्यांना!" उंबऱ्यात थांबून त्यांनी मागे पाहिलं. "तू पास. चांगला सर्जन होशील."

रऊफने आनंदाने म्हातारीच्या कपाळाचा मुका घेतला. "खाला, तू तर कमालच केलीस! पण झडप अशी आपोआप बरी होत नाही गं. काय केलंस तरी काय?"

ती हसली नाही. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"पोरा, मी जकिया, बहिय्याची जुळी बहीण. ती रमजानातच गेली, आणि जाताना मला बजावून गेली, की परीक्षेच्या दिवशी माझ्या रऊफसमोरची खाट रिकामी ठेवू नकोस."