गाणं संपेपर्यंतचा चहा

अंबादासची बायको नंदिनी मुंबईत शूटिंग चालू असतानाच वारली. ज्या दिवशी तसा फोन अंबादासला कोल्हापूरच्या घरी आला, त्याही संध्याकाळी तिची मालिका साडेसातला लागलीच. मालिकेत ती थोरली सून होती आणि सुरुवातीचं गाणंही तिनंच गायलं होतं. पंधरा दिवसांत थोरली सून म्हणून दुसरी बाई आली. गाणं मात्र नंदिनीच्याच आवाजात राहिलं.

अंबादास आता गाण्यापुरताच टीव्ही लावतो.

एकदा शेजारच्या सरुबाई दारातून म्हणाल्या, "बंद का केलासा? गोष्ट तर आत्ता सुरू व्हणार की."

"माझं झालं बघून."

"आधी तर गाणं लागलं की चहा ठेवायला उठायचासा."

"व्हय. गाणं संपेपतूर बरोबर उकळायचा."

नंदिनी दर रविवारी मुंबईहून फोन करायची. "अहो, गाणं ऐकलंत का? कसं झालंय?"

"झकास," तो म्हणायचा. तोवर त्यानं ते एकदाही बसून ऐकलं नव्हतं.

आता रोज ऐकतो. गाणं खरंच चांगलं झालंय. तेवढं तिला सांगायचं राहिलं.