सगळं स्पष्ट दिसतंय

"आलं, आलं!" टेबलाखालून डोकं बाहेर काढून बायको ओरडली.

नव्या मॉनिटरवर चित्र आलं होतं, पण माउसचा बाण लंगडत चालला होता. नकाशे काढणाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. ऑनलाइन मीटिंगला आठ मिनिटं होती.

"अहो, ही जुनी केबल आहे. एवढ्या बारीक चित्राला ती पुरायची नाही, असं लिहिलंय इथे," बायको माहितीपत्रक वाचत म्हणाली. "खोक्यातली लावा."

खोक्यातली केबल लावली. बाण सुरळीत धावू लागला, पण अक्षरं मुंगीएवढी झाली. बायकोने सेटिंगमध्ये जाऊन ती दीडपट केली. बत्तीस इंची मॉनिटर टेबलभर ऐसपैस बसला होता. लॅपटॉपला जागाच उरली नव्हती, म्हणून कॅमेऱ्यासकट त्याची रवानगी डावीकडच्या स्टुलावर झाली होती. "मी गच्चीत थांबते. घाबरू नका," असं म्हणून बायको दार ओढून गेली.

घाबरण्यासारखंच होतं. त्याच्या कंपनीने एक वाचनालय बांधलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाला चारही भिंती होत्या, सहा खिडक्या होत्या, छताला नक्षी होती. दार मात्र नव्हतं. गिलावा झाला, रंग झाला, आणि शेवटचा हात मारून रंगारी घरी निघाला, तेव्हा कुठे हे लक्षात आलं. त्याला खिडकीतून शिडीने उतरवावं लागलं. आता कोणाची तरी नोकरी जाणार होती.

ती कोणाची, हे मुख्य आर्किटेक्ट साहेबांनी आधीच ठरवलं होतं. नकाशे काढणारा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. अकरा वर्षांत त्याने कधी ब्र काढला नव्हता. मीटिंगमध्ये तो मान खाली घालून बसायचा आणि विचारलं की "हो साहेब" म्हणायचा. खापर फोडायला याहून सोयीचं डोकं मिळणार नव्हतं.

"दाराची चूक नकाशातली आहे," मीटिंग सुरू होताच साहेब म्हणाले. कंपनीच्या मालकीणबाई त्यांच्या चौकटीत हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. "आणि नकाशा कोणी काढला, ते आपल्याला माहीत आहे."

एवढं बोलून साहेबांनी त्याच्या चौकटीकडे पाहिलं आणि ते चपापले. चौकटीत एक कान होता. कानशील होतं, चष्म्याची एक काडी होती. माणूस चक्क दुसरीकडे तोंड करून बसला होता. मान ताठ, नजर समोर, आणि साहेबांकडे ढुंकूनही बघणं नाही.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

त्याने फक्त हात लांब करून एक बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग पुन्हा. हा नोंदी करतोय, साहेबांच्या मनात आलं. शब्दन् शब्द टिपून घेतोय.

"अहो, मी तुमच्याशी बोलतोय!" साहेबांनी कॅमेऱ्यासमोर हात हलवला.

"दिसतंय, साहेब," तो मान न वळवता म्हणाला. "आज सगळं स्पष्ट दिसतंय. इतके दिवस पुष्कळ गोष्टी नजरेतून सुटल्या. आता बारीकसारीकही सुटत नाही."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. असं वाक्य या माणसाच्या तोंडून यावं? म्हणजे याने जुना नकाशा शोधून काढला होता. त्या नकाशात दार होतं. साहेबांनीच ते पुसलं होतं, कारण त्या भिंतीवर त्यांना स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी हवी होती. 'दार नंतर बघू,' असं समासात लिहिलंही होतं, आणि तेही स्वतःच्या अक्षरात.

"कुठली प्रत उघडलीय तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

कान हलला नाही.

"कुठल्या प्रतीबद्दल बोलताय, साहेब?" मालकीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी एकदा मालकीणबाईंकडे पाहिलं, एकदा त्या कानाकडे. कान ढिम्म होता. मालकीणबाईंचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्या कानापुढे मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी घसा खाकरला आणि सगळं ओकून टाकलं. पाटी, समासातली ओळ, आणि हो, त्याआधीच्या शाळेच्या इमारतीत तीन नळांना पाणीच का येत नाही, तेही. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

मग मालकीणबाई त्या कानाला उद्देशून आदराने म्हणाल्या, "तुम्ही आज आवाज न चढवता जे केलंत, ते मला अकरा वर्षांत जमलं नाही. यापुढे प्रत्येक नकाशा आधी तुमच्या हाताखालून जाईल. साहेबांचाही. मान्य आहे ना?"

त्या हसून मान हलवत होत्या. त्यानेही संथपणे मान हलवली. मीटिंग संपली.

दाराचा आवाज ऐकून बायको धावत आली. नवरा घामाने निथळत उभा होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"चित्र काचेसारखं लख्ख आहे गं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "पण ती केबल लावल्यापासून आवाजही मॉनिटरमध्ये जातोय, आणि त्या मेल्याला स्पीकरच नाहीत. आवाजाचं बटण दाबून दाबून थकलो, पण अर्धा तास सगळे नुसती तोंडं हलवत होते. मला ठेवलंय की काढलंय, तेवढं फोन करून विचारतेस का?"