वकील भुंकेना

कलेचा खरा न्यायाधीश काळच असतो. पण काळाला यायला फार वेळ लागतो, म्हणून शिल्पकार हे काम शेजारच्या कुत्र्याकडून उरकून घेत असे.

कुत्रा ऊठसूट भुंकायचा, म्हणून गल्लीनं त्याचं नाव वकील ठेवलं होतं. शिल्पकाराच्या शेडमध्ये मात्र तो कारणाशिवाय तोंड उघडत नसे. मातीचं अस्वल पाहून तो भुंकत भुंकत उलट पावली घरी गेला होता. एका हरणासमोर त्यानं नुसती जांभई दिली, तेव्हा शिल्पकारानं त्या हरणाची त्याच संध्याकाळी माती केली होती.

आज लांडग्याची पाळी होती. अलीकडे शिल्पकाराचा हात थरथरे, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्यानं मनाशी ठरवलं होतं: वकील भुंकला तर हा लांडगा, नाहीतर कोरण्या गुंडाळून माळ्यावर. बायकोला त्यानं हे सांगितलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं.

माती वाळू नये म्हणून लांडग्यावर टाकलेलं ओलं फडकं त्यानं सकाळीच काढून ठेवलं. साचा घेणारा बादलीत प्लास्टर ढवळत होता.

"काका, कालवलंय. आता हे कुणाच्या बापासाठी थांबत नाही. लावू का?"

"वकील येऊ दे."

शेजारीण वकिलाला घेऊन आली. लांडगा मान खाली घालून, एक पाय उचलून उभा होता. वकिलानं त्याचं नाक हुंगलं, कान हुंगला, शेपटी हलवली आणि त्याच्याच बाजूला अंग टाकलं.

"भुंकला नाही," शिल्पकार म्हणाला.

"अहो, म्हातारा झालाय तो," बायको म्हणाली. "काल मांजर त्याच्या ताटलीत जेवून गेली."

"काहीतरीच काय, वहिनी!" शेजारीण दुखावली. "सकाळीच मीटर बघायला आलेल्याची पँट धरली त्यानं."

"म्हणजे डोळे शाबूत आहेत," शिल्पकार म्हणाला. "म्हणजे हा कुत्राच झालाय."

"कोण?"

"लांडगा."

"उलट बोलताय, काका," साचेवाला म्हणाला. "खरा लांडगा वाटला, म्हणून तर नातेवाईक समजून शेपटी हलवली."

"नातेवाईक दिसल्यावर कोण शेपटी हलवतं?" बायकोनं विचारलं.

शिल्पकाराला सगळ्यांचंच पटत होतं, आणि तीच पंचाईत होती. तो आळीपाळीनं लांडग्याकडे आणि वकिलाकडे पाहू लागला. दोघांपैकी एकजण तरी म्हातारा झाला होता. तिसऱ्याचा विचार तो टाळत होता.

एवढ्यात वकील उठला. लांडग्याला एक प्रदक्षिणा घालून त्यानं मागचा पाय वर केला.

साचेवाला प्लास्टर ढवळायचा थांबला.

"हद्द आखली!" शेजारीण अभिमानानं म्हणाली. "समोर दुसरं जनावर असल्याशिवाय करत नाही तो, भाऊजी."

"काल माझ्या स्कूटरवर केलं," साचेवाला म्हणाला.

शिल्पकार गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. लांडग्याच्या मागच्या पायावरून ओघळ उतरला होता. ओल्या मातीवर उजेड पडला आणि टाचेवरची शीर ताणल्यासारखी दिसली. पुढच्या क्षणी हा पाय उचलला जाणार, असं वाटलं. ही शीर त्यानं डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं चाचपडत काढली होती. ती जमली आहे, हे त्याला आत्ता कळत होतं.

तो ताठ झाला.

"लाव!"

असा आवाज त्या शेडनं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. साचेवाल्यानं बादलीत हात घातला. हात आत गेला नाही. त्यानं बादली उपडी केली, बुडावर दोन थापा मारल्या, आणि बादलीच्याच आकाराचा एक पांढरा गोळा धप्पकन जमिनीवर आला.

वकिलाच्या पाठीवरचे केस उभे राहिले. शेपटी पायांत घालून तो मागे सरला आणि त्या गोळ्यावर असा भुंकू लागला, की अस्वलाला हेवा वाटावा.

सगळ्यांनी गोळ्याकडे पाहिलं. मग लांडग्याकडे. शिल्पकाराकडे पाहायचं मात्र कुणाला धाडस होईना.

शिल्पकारानं चष्मा पुसून पुन्हा लावला. गोळ्याभोवती सावकाश एक फेरी मारली. थोडा वेळ एक डोळा मिटून पाहिलं.

"अगं," तो अखेर म्हणाला, "जरा फडकं दे."

"कुठलं? मातीवर टाकायचं ओलं, की पुसायचं कोरडं?"

शिल्पकारानं लांडग्याकडे पाहिलं, मग गोळ्याकडे, मग वकिलाकडे. वकील भुंकतच होता.

"दोन्ही आण."