खोबणीतलं काळं

हार पाण्यातून बाहेर आला तो दुकानातून नुकत्याच आणलेल्या चमच्यासारखा लख्ख. ते पाहून सुनेच्या काळजाचं पाणी झालं.

पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल, तिच्यावर खायचा सोडा आणि वरून उकळतं पाणी. मोबाईलमधल्या बाईने चांदी थोडाच वेळ बुडवायला सांगितली होती. सुनेने हौसेने जरा जास्तच बुडवली. आता फुलं पांढरी, पानं पांढरी, आणि पानाफुलांच्या मधल्या बारीक खोबणीतलं काळंही गेलेलं. त्या काळ्यामुळेच नक्षी उठून दिसत होती, हे तिला आत्ता कळलं. हार अगदी सपाट दिसत होता, झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडासारखा.

तो मळ नव्हताच मुळी. "मळ नाही तो, आमचं घराणं आहे," असं सासूबाई म्हणायच्या. हार त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. प्रत्येक लग्नात तो त्यांच्या गळ्यात असायचा आणि हाराबरोबर त्याची कहाणीही असायचीच. तीन पिढ्यांत कुणी त्याला पाण्याचा थेंब लावलेला नाही. पुसायचा तर मऊ सुती फडक्याने, तोही फक्त उंचवट्यावरून, हलक्या हाताने. ऐकून ऐकून नवऱ्याला ही कहाणी तोंडपाठ झाली होती. आई सांगायला लागली की तो मागे उभा राहून नुसते ओठ हलवायचा.

आणि ह्या खेपेला सासूबाईंनी कपाटाची किल्ली पहिल्यांदाच सुनेच्या हातात दिली होती. त्या बहिणीकडे निघाल्या होत्या. "रविवारी भाचीच्या लग्नात हार घालायचाय. नुसता पुसून ठेव," त्या म्हणाल्या. "पुढे हे सगळं तुझंच आहे. सांभाळून दाखव." इतक्या वर्षांनी हे ऐकून सुनेला भरून आलं होतं. भरून आलेल्या माणसाने सोड्याच्या डब्याजवळ जाऊ नये, पण हे तिला सांगणार कोण? सासूबाई उद्या परतणार होत्या. हार ह्या अवस्थेत पाहिला की किल्ली पुन्हा त्यांच्या उशीखाली जाणार, आणि ती तिथून परत निघणार नाही, ह्याची सुनेला खात्री होती.

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"रडतेस काय, ताई? एक अंडं आण. कडक उकड, दोन तुकडे कर आणि हाराबरोबर डब्यात घालून झाकण घट्ट लाव. अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मग उंच भाग तेवढा फडक्याने चमकव."

"अगं, आमच्या घरात अंडं? सासूबाईंना वास सहन होत नाही!"

"मग खिडकी उघडी ठेव," बहीण हसत म्हणाली.

बहिणीला हसायला काय जातंय! ह्या घरात मटण चालायचं, मासे चालायचे, सासूबाई ते स्वतः निगुतीने करायच्या. पण अंड्याचं नाव काढलं की त्यांच्या नाकाला रुमाल लागलाच. बिचारा नवरा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमलेट खायचा आणि बडीशेप चघळतच घरात शिरायचा. सुनेने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक अंडं घेतलं आणि चोरीचा माल असावा तसं पर्समध्ये लपवून घरी आणलं.

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, "कसला गं वास येतोय?"

"मोरी तुंबलीय."

बिचाऱ्याने बाह्या सरसावल्या आणि मोरी घासून लख्ख केली. घरात त्या दिवशी सगळ्यांनाच स्वच्छतेचा झटका आला होता.

सकाळी तिने डबा उघडला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. काळं परत आलं होतं. पानांच्या देठाशी जरा फिकं होतं, पण एवढं कोण बघतंय? तिने हार साबणाच्या पाण्यातून काढला, पंख्याखाली वाळवला आणि उंचवटे हलक्या हाताने पुसले.

रविवारी हार गळ्यात घालताना सासूबाईंचा हात नाकाजवळ क्षणभर थांबला. सुनेने श्वास रोखला. मग त्यांनी आरशात पाहिलं, हार सारखा केला आणि चपला घातल्या.

लग्नाच्या हॉलमध्ये नवऱ्या मुलाच्या आत्याने हार बोटांवर घेऊन पाहिला. "काय सुंदर काळं आहे हो! असं आता बघायलाही मिळत नाही."

"तीन पिढ्यांचं आहे," सासूबाईंनी सुरुवात केली. मागे सुनेच्या नवऱ्याचे ओठ हलू लागले. "पाण्याचा थेंब लागलेला नाही ह्याला. माझ्या सासूबाईंनी सांभाळला, मी सांभाळला, आणि आता ही सांभाळते." असं म्हणून त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडा खाणं परवडलं असतं, हे कौतुक तिला सोसवेना. आत्याबाई पुढे गेल्या, तिचा नवरा त्यांना जेवणाची जागा दाखवायला गेला, तशी तिने पर्समधून किल्ली काढून सासूबाईंपुढे धरली.

"आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. हार..."

सासूबाईंनी किल्लीसकट तिची मूठ मिटवली. इकडेतिकडे पाहून त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"एकच अंडं ठेवलंस ना? देठ फिके राहिलेत. दोन लागतात. मलाही माझ्या सासूबाईंनी असंच एका लग्नात कानात सांगितलं होतं."