जायफळाचा लेप

"सहाण झिजायला आली, पण तुझं वांग काही हलायचं नाव घेत नाही," दुधात जायफळ उगाळता उगाळता सासूबाई कुरकुरल्या.

दोन वर्षांत वृंदाच्या गालांवरच्या त्या तपकिरी डागांना काय काय चोपडून झालं होतं! जावेच्या लिंबाने कातडी सोलून निघाली. नवऱ्याने, शिरीषने, गोरं करणारं क्रीम आणलं, तर डाग आणखीच गडद झाले. वर सगळ्यांचं एकच पालुपद, उन्हात कशाला जातेस? जसे काही गच्चीवर वाळत घातलेले कपडे आपले आपण जिना उतरून यायचे.

"आज लेप नको, आई. काल कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. चोळणं बंद करा, सनस्क्रीन लावा आणि आधी त्या गोळ्या थांबवा म्हणाल्या. वांग गोळ्यांनी वाढतंय."

त्या म्हणजे कुठल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिसरं मूल नको म्हणून नऊ वर्षं ती रोज एक गिळत होती, कारण ऑपरेशनचा विषय निघाला की शिरीषची कंबर दुखायला लागायची. आताही त्याने पेपर तोंडासमोर धरला.

"मग दुसऱ्या कंपनीच्या घे ना," पेपरामागून आवाज आला.

वृंदाच्या मस्तकात तिडीक गेली. पण तिच्याआधी सासूबाईंनीच सहाण खाडकन उपडी ठेवली.

"दोन्ही बाळंतपणं हिने सोसली, गोळ्या हिने गिळल्या, तोंडही हिचंच काळवंडलं. शिऱ्या, तो पेपर खाली ठेव. नसबंदी तू करून घे."