बाळाच्या जनुकांची रेघ

आनसाबाईंनी चाळीस वर्षं गावातली बाळं न्हाऊ घातली होती. न्हाऊन निघालेलं बाळ हाताला कसं ऊन ऊन लागतं, ते त्यांना पाठ होतं. केतकीचं बाळ मात्र शेगडीपासून जरा दूर नेलं की गार पडत होतं आणि रडतही नव्हतं.

“रिपोर्ट आला का गं ह्याचा?”

“आलाय, मावशी.” केतकीने फोन पुढे केला. गुऱ्हाळाच्या चरकात तुटलेली तिची तीन बोटं पालीची जनुकं घालून पुन्हा उगवली होती. आता त्याच बोटांनी तिने पडद्यावरच्या आलेखाची रेघ दाखवली. “माणसाच्या जनुकांत डीएनएच्या चार अक्षरांचं प्रमाण जागोजागी बदलतं, म्हणून आपली रेघ डोंगरासारखी वरखाली जाते. पालीची सपाट असते म्हणे.”

बाळाची रेघ सपाट होती.

“यंत्र चुकलं असंल, व्हय की नाही मावशी?”

दुपटं सोडून आनसाबाईंनी बाळाला खिडकीतल्या उन्हात धरलं. हळूहळू त्याचं अंग तापलं, डोळे उघडले आणि ते हातपाय हलवू लागलं.

केतकी हसली. आनसाबाई मात्र सूर्याकडे सरकणाऱ्या ढगाकडे बघत होत्या.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “घरात कोळसा किती हाय?”